चंद्रपूर ते सिरोंचा नदीच्या काठाकाठाने: ड्रायव्हरसकट भाड्याने घेतलेल्या गाडीचा अनुभव

पहिलेच सांगून टाकतो, गाडीला पाचपैकी चार, ड्रायव्हरला पाचपैकी पाच आणि मालकाच्या हिशोबाला दोन. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडे, म्हणजे आलापल्ली, भामरागड, सिरोंचा ह्या भागात म्हातारे आईबाप आणि लहान लेकरं घेऊन जायचं असेल तर तिकडचे रस्ते पाठ असलेला ड्रायव्हर घेऊन जा, गाडी कोणती आहे ते नंतर पाहा, एवढ्यासाठीच हे सगळं लिहून राहिलो. आमचा गाडीमालक चंद्रपूरचा, चारपाच गाड्या आहेत त्याच्याकडे, लग्नाच्या सिझनमध्ये वऱ्हाडाला आणि बाकी वेळी ताडोबाच्या पर्यटकांना देते. त्याचं नाव इथं टाकत नाही कारण खाली पैशाची तक्रारही आहे आणि ती आमची आपसात मिटली. असे गाडीवाले चंद्रपूर, गडचिरोली, आलापल्ली सगळीकडे भेटतात, काय पाहून घ्यायचं ते माहीत असलं की झालं.

आमचं गाव वरोरा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. बाबांचा सगळा जन्म ह्या काठच्या वावरात गेला, पुरात पऱ्हाटी खरडून नेते ती हीच नदी आणि हरभऱ्याला पाणी देते ती पण हीच. वढ्याला पैनगंगा येऊन मिळते तिथपर्यंत ते कार्तिकीच्या जत्रेला जात आले, पण त्याच्या पुढं आपली नदी जाते कुठं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि हे ते दर दोन-चार महिन्यांनी बोलून दाखवायचे. तर ह्या वेळी कापसाचा दुसरा वेचा झाला, पोट्ट्यांना नाताळाच्या सुट्ट्या लागल्या, आणि ठरवलं की पाण्याच्या मागंमागंच जायचं. वर्धा मध्य प्रदेशातल्या मुलताईकडून येते, वैनगंगा शिवनीकडून येते, दोघी चपराळ्याजवळ मिळतात आणि तिथून पुढं तिचं नाव प्राणहिता, ती महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरून साधारण ११३ किलोमीटर वाहत सिरोंच्याला गोदावरीत जाते, आणि आणखी खाली सोमनूरला ओडिशातल्या कालाहंडीतून निघालेली इंद्रावती येऊन मिळते. एवढा सगळा पट्टा, मधात भामरागडचा फाटा घेऊन, असा आमचा प्लॅन होता. मालकाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तिकडं सगळे ड्रायव्हर जात नाही भाऊ, एकच आहे आपल्याकडं, तो मोकळा राहीन तेव्हाच गाडी देतो." तेव्हा हे बोलणं जरा टाळाटाळीचं वाटलं, पण सिरोंच्याच्या रस्त्याला लागल्यावर त्याचा अर्थ कळला.

रेट असा होता, किलोमीटरला १६ रुपये, दिवसाला किमान २५० किलोमीटर धरणार मग गाडी तेवढी चालो की न चालो, ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ५०० रुपये, टोल-पार्किंग आपल्याकडं, आणि किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. हे सगळं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं होतं आणि हे तुम्हीपण करा, कारण तोंडी ठरलेलं परत आल्यावर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

गाडी बोलेरो, पिवळ्या पाटीची. पिवळ्या पाटीचा आग्रह आम्हीच धरला होता, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी रुपया-दोन रुपयाने स्वस्त पडते पण ती भाड्याने देणं कायद्यात बसत नाही आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करते, घरातले सगळे एकाच गाडीत बसलेले असताना ही रिस्क कायले घ्यायची. गाडी जुनी होती पण उंच, पाटे मजबूत, आलापल्लीच्या पुढच्या खड्ड्यांत एकदाही खाली घासली नाही. एसी मात्र मालकाने सर्व्हिस केलेला नव्हता, दुपारी मागच्या सीटपर्यंत हवाच पोचत नव्हती, डिसेंबर होता म्हणून निभावलं. एक मार्क तिथं कापला.

मागं काय काय ठेवलं होतं ते सांगतो कारण ह्यावरूनच मला कळलं की हा माणूस खरंच त्या भागात गाडी चालवणारा आहे. दोन स्टेपन्या, जाड दोरखंड, वीस लिटर पाण्याची कॅन, कुऱ्हाड, टॉर्च, ताडपत्री, सागाची एक हातभर रुंद फळी, आणि निळं प्लास्टिकचं स्टूल. स्टूल कायले ते वरोऱ्यातच समजलं. आईचे गुडघे दुखतात, बोलेरोची पायरी तिच्यासाठी उंच, तर आई दाराजवळ आली की हा खाली उतरून स्टूल मांडायचा आणि ते सरकू नये म्हणून स्वतःचा पाय त्याच्या कडेवर दाबून उभा राहायचा, आई वर चढून नीट टेकेपर्यंत पाय काढायचा नाही. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. पूर्ण प्रवासात एकदाही हे चुकलं नाही, देऊळ असो, पेट्रोलपंप असो की जंगलातलं नुसतं पाय मोकळे करायचं थांबणं.

ड्रायव्हरभाऊ मूळचा अहेरीकडचा, मराठी आपली झाडीपट्टीची, तेलुगू घरच्यासारखी आणि माडिया कामापुरती. ही तिसरी गोष्ट भामरागडकडं लय कामी येते. गाडीत गाणे मोठ्याने नाही, फोन कानाला नाही, खर्रा नाही. आणि एक नियम त्याचा त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकला, सकाळी सहाला निघायचं आणि दिवस बुडायच्या आत मुक्कामी पोचायचं, मधात कोणी कितीही म्हटलं तरी अंधारात जंगलातून गाडी काढणार नाही. नक्षलवाद्यांची भीती आता पहिल्यासारखी राहिली नाही असं तिकडचे लोकच सांगतात, पण अंधारात रस्त्यावर अस्वल येते, लाईट नसलेली बैलबंडी येते, आणि गाडी बंद पडली तर मोबाईलला रेंज नाही, त्यामुळं नियम बरोबरच आहे आणि आम्ही तो पाळला.

पहिला टप्पा मूल, हरणघाटाचा वैनगंगेवरचा पूल आणि मार्कंडा. मार्कंड्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, विदर्भाचं खजुराहो म्हणतात, वैनगंगा तिथं उत्तरेकडं वाहते म्हणून त्या जागेचं महत्त्व, दगडातलं कोरीवकाम पाहून मान दुखते. मुख्य देवळाच्या दुरुस्तीचं काम कितीतरी वर्षांपासून रेंगाळलेलं आहे आणि ते पाहून वाईट वाटते, एवढं जुनं देऊळ, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, आणि भाविकांनी वर्षानुवर्षं वाट पाहायची. इथं आम्ही फार वेळ थांबलो नाही कारण बाबांचं सगळं लक्ष चपराळ्याकडं लागलं होतं.

चपराळा आष्टीहून जवळ आहे, अभयारण्य आहे ते, आणि नदीकडं प्रशांतधाम देवस्थान आहे. इथं ड्रायव्हरभाऊने जे केलं त्यासाठी मी पाचपैकी पाच दिले असं समजा. आम्ही देवळापाशी उतरलो, नदी दिसत होती, फोटो काढले आणि निघायच्या तयारीत, तर तो बाबांना म्हणाला, "काकाजी, तुम्हाला दोन्ही पाणी येगयेगळे पाहायचे आहे का, का नुसती नदी पाहाची आहे?" बाबा म्हणाले वेगवेगळे. मग त्याने काठावरच्या एका मासे धरणाऱ्या माणसाशी बोलून आम्हाला पायवाटेने पुढं नेलं, बाबांचा हात धरून, वाळूत पाय रुततात म्हणून सावकाश. तिथून सरळ दिसते, एकीकडून आपली वर्धा, एकीकडून वैनगंगा. डिसेंबरात पाणी कमी राहते, वाळूचे लांबचलांब पट्टे उघडे पडलेले, आणि दोन धारा त्या वाळूला वळसा घालून एकमेकींकडं येतात. बाबा खाली बसले, वर्धेच्या बाजूच्या पाण्यात हात घातला, मग चार पावलं पलीकडं जाऊन दुसऱ्या पाण्यात घातला, आणि म्हणाले "आपलं जरा कोमट आहे." खरंच तसं होतं का उन्हाचा फरक होता मला माहीत नाही, मी हात घातला तर मला दोन्ही सारखंच लागलं, पण ते किती वेळ तिथं बसून होते आणि ड्रायव्हरभाऊने एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. मासे धरणाऱ्या माणसाने पोट्ट्यांना जाळ्यातले झिंगे दाखवले, बारके, पारदर्शक, हातावर घेतले की टुणकन उडणारे. मोठ्या पोट्टीने एक परत पाण्यात सोडला.

आष्टी ते आलापल्ली हा रस्ता मात्र सहन करायचा. सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक एकामागं एक, लाल धूळ, काच खाली करता येत नाही. सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरीबारी त्या धुळीतून तोंडाला ओढणी बांधून जाताना दिसतात आणि त्यांच्या बाजूने ट्रक जाते तेव्हा जीव वर येते. ड्रायव्हरभाऊ शाळेच्या वेळेला गाडी एकदम हळू करायचा, ओव्हरटेकच्या फंदात पडायचाच नाही. आलापल्लीला जेवण एका छोट्या खानावळीत केलं, तीपण त्यानेच दाखवली, बोर्ड नाही काही नाही, एक मावशी आणि तिची सून चालवतात. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा घालून वांग्याचा रस्सा, झिंग्याची चटणी आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडं ज्वारीची भाकर लागते, पण गडचिरोलीत गेल्यावर भातच खा, धानाचा मुलूख आहे तो, ताज्या धानाच्या भाताला जो वास येते त्याच्यापुढं भाकर आठवत नाही. आईने मावशीला चटणी कशी केली ते विचारून घेतलं आणि मावशीने झिंगे वाळवायच्या पद्धतीसकट सगळं सांगितलं. मुक्काम आलापल्लीलाच केला, टाकी पण इथंच फुल्ल करा, पुढं पंपाच्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या दिवशी भामरागड. आलापल्लीपासून साठ-पासष्ट किलोमीटर, पण वेळ जास्त धरा कारण थांबायला जागा लय आहेत. वाटेत ग्लोरी ऑफ आलापल्ली लागते, सहा हेक्टरचा जुन्या सागवानाचा तुकडा, तोड न करता जसाच्या तसा राखलेला, २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा भेटला, महाराष्ट्रातलं पहिलं. एकेका झाडाला दोन माणसांची कव पुरत नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून मिरवणूक काढून सागवान पाठवलं ना, ते आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्याच जंगलाचं. बाबांनी एका झाडाला हात लावून म्हटलं की ह्याचं वय असेल तेवढे आपल्या घरचे पिढीमागं पिढी मोजता येतील का.

पुढं दोन ठिकाणी पोलिसांनी गाडी थांबवली, नावगाव विचारलं, आधार कार्ड पाहिले, नीट बोलले. सगळ्यांचे ओळखपत्र हातात राहतील असे ठेवा आणि पोलीस चौकीचे फोटो काढू नका, हे ड्रायव्हरभाऊने आधीच सांगून ठेवलं होतं. गावातून जाताना तो काच खाली करून "जोहार" म्हणायचा, समोरून पण "जोहार" यायचं, दोन गावं झाल्यावर आमची छोटी पोट्टी खिडकीतून सगळ्यांना जोहार घालत होती.

हेमलकसा भामरागडच्या थोडं आधी. आनंदवन आमच्या वरोऱ्यातलंच, त्यामुळं बाबा आमट्यांचं काम आम्ही लहानपणापासून पाहत आलो, पण १९७३ मध्ये इथं येऊन लोकबिरादरी प्रकल्प सुरू करणं म्हणजे काय ते तिथपर्यंतचा रस्ता पाहिल्यावर समजते. आज डांबरी रस्ता आहे तरी अर्धा दिवस जाते, तेव्हा तर पावसाळ्यात महिनेच्या महिने बाहेरच्या जगाचा संबंध नाही. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांना २००८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो ह्याच कामासाठी. दवाखाना चालू होता, बाहेर झाडाखाली पेशंटसोबत आलेले नातेवाईक आपला स्वयंपाक करून बसलेले, चुलीवर भात शिजत होता. पोट्ट्यांना अनाथ जनावरांची जागा पाहायची होती ती पाहिली, पण दवाखान्याच्या बाजूला गर्दी करायला, फोटो काढायला जाऊ नका, आजारी माणसं आहेत तिथं.

भामरागडला तीन नद्या येतात, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. पावसाळ्यात पेपरात दरवर्षी बातमी वाचतो आपण, पर्लकोटेच्या पुलावरून पाणी, भामरागडचा संपर्क तुटला. तो जुना बुटका पूल पाहिला की बातमी डोळ्यासमोर उभी राहते, पाणी किती वर चढते ते गावातल्या दुकानाच्या भिंतीवर ओल्या पट्ट्याने दिसते. एका किराणा दुकानदाराने सांगितलं की जून लागायच्या आधी तांदूळ, तेल, मीठ, औषधं भरून ठेवतो, माळ्यावर. आम्ही नदीकाठचेच लोक, पूर आम्हाला नवीन नाही, पण आमच्याकडं पूर आला तर दोन दिवसांत उतरते आणि वरोऱ्याचा रस्ता मोकळा होते. इथं गरोदर बाई असली, साप चावलेला माणूस असला तर पलीकडं न्यायचं कसं, हा प्रश्न आईने विचारला आणि दुकानदाराने नुसता नदीकडं हात केला.

भामरागडहून सिरोंच्याला जायला परत आलापल्लीलाच यावं लागते. आणि मग तो शंभर किलोमीटरचा आलापल्ली-सिरोंचा रस्ता. नावाला राष्ट्रीय महामार्ग आहे. आम्ही गेलो तेव्हा कुठं गुळगुळीत, कुठं खोदून ठेवलेला, कुठं नुसती गिट्टी पसरलेली, रपट्याच्या बाजूने काढलेले कच्चे वळण. स्वतःची छोटी कार घेऊन जायचा विचार करून राहिले असाल तर माझं ऐका, नका जाऊ. आमच्या गाडीचा मागचा टायर जिमलगट्ट्याच्या अलीकडं गेला, गिट्टीची धार टायरच्या बाजूला लागली आणि चिरला, अशा टायरला पंक्चरपट्टी चालत नाही. रेंज शून्य. ड्रायव्हरभाऊने सगळ्यांना सावलीत बसवलं, ताडपत्री टाकली, चाकाला पुढून-मागून दगड लावले, आणि मग ती सागाची फळी काढली. बाजूची माती भुसभुशीत, जॅक खाली रुतत होता, फळी मांडून त्यावर जॅक ठेवला तेव्हा गाडी उचलली गेली. स्टेपनी लावून वीस-पंचवीस मिनिटांत निघालो आणि तरीपण मागं एक स्टेपनी शिल्लक होती, म्हणून पुढच्या रस्त्याची काळजी वाटली नाही. दोन स्टेपन्या कोणी ठेवते का गाडीत, हा ठेवते, कारण ह्या रस्त्यावर अडकून रात्र काढलेली आहे त्याने कधीतरी. गाडी बुक करताना हे विचारा, स्टेपन्या किती.

रेपनपल्लीवरून कमलापूरचा हत्तीकॅम्प आत आहे, महाराष्ट्रातला एवढा एकच सरकारी हत्तीकॅम्प, तो जाताना पाहून घेतला. तलावात हत्ती आंघोळ करताना पोट्टे इतके शांत बसले होते की मला नवल वाटलं. एक सांगून ठेवतो, दरवर्षी जानेवारीत काही दिवस हत्तींच्या पायाला जडीबुटीचा लेप देतात, चोपिंग म्हणतात त्याला, तेव्हा कॅम्प पर्यटकांना बंद राहते, तारीख विचारूनच जा.

सिरोंच्यात शिरलं की दुकानाच्या पाट्या तेलुगूत, बोलणं तेलुगूत, सकाळच्या नाश्त्याला तर्री-पोहे नाही, इडली आणि फल्लीदाण्याची चटणी, आणि ती चटणी अशी की बाबांनी दोनदा मागितली. लॉज साधा होता, गरम पाण्याचा गिझर बंद, बादलीने पाणी आणून दिलं, चादरी स्वच्छ होत्या. ड्रायव्हरसाठी वेगळी खोली आम्ही घेतली. भत्ता दिला म्हणून ड्रायव्हरला गाडीत झोपवणारे लोक आहेत, मला ते मुळीच पटत नाही, दिवसभर त्या रस्त्यावर आपल्या लेकरांचा जीव ज्याच्या हातात त्याला रात्री पाठ टेकायला खाट नको का. आणि मच्छरदाणी सोबत न्या, गडचिरोलीत मलेरिया आहे, हयगय करू नका.

सिरोंच्याच्या घाटावर प्राणहिता पाहिली. इथं २०२२ च्या एप्रिलमध्ये पुष्कर मेळा झाला, बारा वर्षांनी येते तो, तेव्हा बाबांना यायचं होतं, जमलं नव्हतं. ते घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेले, आई स्टुलावर बसून होती, हो, तेच निळं स्टूल, ड्रायव्हरभाऊने गाडीतून काढून घाटावर आणून दिलं. दुपारी वडधमचा फॉसिल पार्क पाहिला. दगड झालेली झाडं आहेत तिथं, खोडाच्या रेघा अजून दिसतात पण हात लावला तर थंडगार दगड. ह्याच सिरोंचा तालुक्यात पोचमपल्ली परिसरात डायनासोरची हाडं निघाली, १९७५ मध्ये त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय, रवींद्रनाथ टागोरांवरून, आणि तो सांगाडा आज कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. जवळच्या कोटा गावावरून इथल्या खडकाच्या थराला जगभरात कोटा फॉर्मेशन म्हणतात. आपल्या विदर्भातलं एवढं मोठं जनावर आणि आपल्या पोट्ट्यांना ते पाहायला कोलकात्याला जावं लागते, मोठ्या पोट्टीने हे विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

आता तक्रार. सिरोंच्याहून गोदावरीच्या पुलावरून पलीकडं गेलं की तेलंगणातलं काळेश्वर, एकाच पीठावर दोन शिवलिंगं असलेलं देऊळ, सिरोंच्याला जाऊन काळेश्वर न करता कोणी परत येत नाही. प्लॅन सांगतानाच मी मालकाला काळेश्वर सांगितलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं आहे. पण गाडीला ऑल इंडिया परमिट नव्हतं, दुसऱ्या राज्यात न्यायची तर टॅक्स भरावा लागते, हे मालकाने एका शब्दाने सांगितलं नाही. पुलाच्या अलीकडं ड्रायव्हरभाऊने गाडी थांबवली आणि खरं काय ते सांगितलं, त्याला पण वाटलं होतं की मालकाने आमच्याशी बोलून ठेवलं. मालकाला फोन लावला तर म्हणे तुम्हीच भरा, देऊळ तुम्हाला पाहायचं आहे. म्हातारी माणसं गाडीत, देऊळ समोर, अशा वेळी माणूस भांडत बसत नाही, भरला. आणि परत आल्यावर बिलात खराब रस्त्याचे म्हणून किलोमीटरमागं दोन रुपये जास्तीचे लावलेले, जे कुठंच ठरलं नव्हतं. रस्ता खराब आहे हे काय त्याला बिल लिहिताना समजलं का? व्हॉट्सअ‍ॅपचं लिखाण दाखवलं, तासभर बोलणं झालं, दोन रुपये काढले आणि टॅक्सचा अर्धा वाटा त्याने उचलला. म्हणून हिशोबाला दोन मार्क, नाहीतर शून्यच दिला असता. तुम्ही तिकडं जाणार असाल तर परमिटचा कागद निघायच्या आधी डोळ्याने पाहा.

काळेश्वर करून परत आलो आणि शेवटचा टप्पा सोमनूर, अंकिसा, आसरअल्ली करत. वाटेत मेडिगड्डा बॅरेज लांबून दिसते, २०१९ मध्ये सुरू झालेलं, ८५ दरवाजे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. बॅकवॉटरने सिरोंच्याकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, मोबदल्याचं भांडण कितीतरी वर्षं चाललं. रस्त्याच्या कडेला मिरची तोडत असलेल्या एका शेतकऱ्याजवळ बाबांनी गाडी थांबवायला लावली, तो तेलुगूत बोलणार, बाबा मराठीत, मधात ड्रायव्हरभाऊ, आणि दोघं बांधावर बसून पाणी कधी चढते, माती कशी वाहून जाते, पंचनाम्याला तलाठी किती दिवसांनी येते हे बोलत राहिले. दोन्हीकडं तेच दुखणं. निघताना त्याने ओंजळभर लाल मिरच्या आईच्या पदरात टाकल्या, पैसे घेतले नाही.

सोमनूरला इंद्रावती आणि गोदावरी मिळतात, ह्या काठावर महाराष्ट्र, समोर तेलंगणा आणि छत्तीसगड. पात्र एवढं रुंद की पलीकडची झाडं निळी दिसतात. वाळूत गाडी घालू का म्हणून मागून आलेल्या एका पार्टीच्या पोट्ट्यांनी विचारलं तर ड्रायव्हरभाऊने त्यांना साफ नाही सांगितलं, वाळू वरून कोरडी आणि खालून ओली राहते, चाक बसलं की ट्रॅक्टर आणायला आसरअल्लीला जावं लागते. ते ऐकले. आम्ही पायीच गेलो, बाबांनी गावच्या वर्धेतून बाटलीत भरून आणलेलं पाणी इथं ओतलं, इतके दिवस ती बाटली त्यांच्या झोळ्यात होती हे कोणालाच माहीत नव्हतं, आईलापण नाही.

तर बुकिंगबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात नद्या पाहायला म्हणून लेकरं घेऊन जाऊ नका, पर्लकोटेच्या पलीकडं अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथंच. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा राहते, त्या आठवड्यात चंद्रपूर-गडचिरोलीत भाड्याची गाडी भेटणं मुश्कील आणि भेटली तर दुप्पट रेट. मालकाला फोन केला की पहिले ड्रायव्हर कोण ते विचारा, तो सिरोंच्याला याआधी गेलेला आहे का, तेलुगू येते का, आणि शक्य असेल तर त्याच्याशीच दोन मिनिटं बोला. परमिट, स्टेपन्या, किमान किलोमीटर, खराब रस्त्याचे जास्तीचे पैसे आहेत की नाही, हे सगळं लिहून घ्या. आणि घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर स्टूल मात्र तुम्हीच न्या, सगळ्याच गाड्यांत ते भेटणार नाही.